ओवाळलेले पाणी

४ फेब्रुवारी १९३४, रविवार. सोलापूर

सुटलो एकदाचा कुर्डुवाडीतून. सासऱ्यांच्या ओसरीवर आठ महिने काढले. जेवताना दुसरी भाकरी मागायची चोरी. आल्यागेल्याला ते माझी ओळख करून देत : मासे पाळायला शिकलेला आमचा जावई. पुण्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहा वर्षे माशांचे हौद सांभाळले आणि माणसे कमी करायची वेळ आली तेव्हा पहिला मी निघालो. आता त्याच माशांनी मला पोटापाण्याला लावले आहे.

सुताचे व्यापारी शिवलिंगप्पा यांनी मुंबईहून मोठी काचेची पेटी आणि चाळीस सोनेरी मासे आणवले होते. रोग पडून चौतीस मेले. उरलेले सहा जगवायचे आणि पेटी पुन्हा नांदती करायची, हे माझे काम. जमले तर नोकरी कायम आणि मागच्या अंगणातली खोली माझी. मग बायकोला, अंबूला, आणि पोरीला, बनूला, घेऊन येता येईल. बनू तीन वर्षांची आहे, आणि आजोबांनी हाक मारली की अजून दचकते.

५ फेब्रुवारी

माशांच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. ओळखीचा रोग. सहाही मासे घंगाळात काढले, पाण्यात बेताचे मीठ घातले. पेटीतली वाळू उकळली, दगड घासले, काचा उन्हात तापवल्या. विहिरीचे पाणी दिवसभर उन्हात ठेवून मगच भरायचे ठरवले. शिवलिंगप्पा खुर्ची टाकून बघत बसले होते. कुणी माझे काम बघत बसावे, याची सवयच गेली होती.

८ फेब्रुवारी

घंगाळात हळद आणि मोहऱ्या तरंगताना दिसल्या. चौकशी केली तेव्हा सगळा प्रकार कळला. शिवलिंगप्पांची मुलगी नीलव्वा, आठ वर्षांची, तिच्या अंगावर पांढरे पुरळ आहे. डॉक्टर थकले. मोलकरीण सोजरबाई रोज तिच्यावरून तांब्याभर पाणी ओवाळते आणि माशांत ओतते. म्हणाली, चौकात टाकलं की परक्याच्या पायाला लागतंय, म्हनून तर बाईंनी मासे आनले.

माझे डोकेच फिरले. तडक नीलव्वाची आई गिरिजाबाई यांच्याकडे गेलो आणि सांगितले की हे पाणी दुसरीकडे कुठेही टाका, माशांत थेंब पडता कामा नये. त्यांनी शांतपणे विचारले, कुठंबी चालेल की, मास्तर? तीनदा विचारले. तिन्ही वेळा हो म्हणालो. अडाणीपणापुढे हात टेकले.

१४ फेब्रुवारी

सहाही मासे स्वच्छ. पेटीत सोडले, हातातून दाणे घेतात. खोलीची किल्ली मिळाली. सासऱ्यांना आजच पत्र टाकले, मुद्दाम लांबलचक.

नीलव्वाचे मात्र दुखणे उलटले आहे, पुरळ तोंडावर चढले. अशातही गिरिजाबाईंनी माझ्या मुलीची चौकशी केली. कितवं वर्ष, अंगानं कशी आहे. दोघींना आणायला स्वतःहून माणूस पाठवला. अशी माणसे अजून आहेत.

१८ फेब्रुवारी

अंबू आणि बनू आल्या. बनूला गिरिजाबाई स्वतः न्हाऊ घालतात, रोज घालणार म्हणाल्या. अंबूला भरून आले. तिच्या माहेरी आठ महिन्यांत पोरीच्या डोक्यावरून कुणी हात फिरवला नव्हता.

२१ फेब्रुवारी

नीलव्वाचा चेहरा निवळला. आज उठून बसली, दूधभाकरी खाल्ली. डॉक्टर स्वतःची पाठ थोपटून घेत आहेत.

२२ फेब्रुवारी

बनूच्या कानामागे पांढरा ठिपका. अंबू म्हणते घामोळे. फेब्रुवारीत कसले घामोळे — भिंग लावून पाहिले. रव्याएवढा. मानेवर आणखी चार.

२३ फेब्रुवारी

बनूच्या न्हाणाच्या घंगाळात तळाशी हळद. मोहऱ्या.

सोजरबाईला धरले. तिने मान वर केली नाही. तुमीच म्हनला न्हवं, कुटंबी टाका? बाईंनी तीनदा इचारलं की तुमाला.

निघून जातो म्हणालो. ती म्हणाली, जावा, पर ते पोरीसंगट येतंय.

२४ फेब्रुवारी

आज मीच बनूवरून पाणी ओवाळले. मी. अंबू तांब्या धरून उभी होती. पेटीत ओतले आणि तासभर काचेला नाक लावून बसलो.

काही नाही. सहाही मासे मजेत. एकदा रोगातून उठलेला मासा तो रोग पुन्हा घेत नाही, हे पुण्याच्या पोरांना मीच शिकवत असे. इतके चोख काम आयुष्यात केले नव्हते.

२५ फेब्रुवारी

कोंबडी आणली. पाणी टाकल्यावर तासात मेली. बनूचा एक ठिपका गेला. एक. संध्याकाळपर्यंत नवे दहा आले.

मुंबईला माशांसाठी तार केली. चार दिवस लागतील. बनू डोळे उघडत नाही.

सोजरबाई दाराशी येऊन रडली. म्हणाली, औषदानं बरा झालेला जीव न्हाय घेत. ज्याच्यावरनं उतरून टाकलं, त्याच्याकडं मातर माघारी जातंय. आणि तोंडावर पदर धरून पळाली. मुद्दाम सांगितले का — कळत नाही. कळते.

२६ फेब्रुवारी, दुपार

श्वास मोजतो आहे. मध्येच थांबतो. पुन्हा —

ओवाळले. तांब्या जवळ आहे. कुठे टाकू.

अंगणात नीलव्वा खेळते आहे. हसते आहे. तिचा काय दोष. बनूचा तरी —

दारात आली. धापा टाकते. पाणी द्या की, मास्तर, म्हणते.

अंबू माझ्याकडे बघते आहे. तांब्या तिने उचलला. मी नको म्हणायला हवे. मी —

मी अजून काही —