कापसाचं पोट

प्रिय ठकू,

फोन केला की मावशी म्हणते, पोरगी कडी लावून बसलीय, तुझं नाव काढलं की तोंड फिरवते. म्हणून लिहायला बसले. कागद तरी मधेच बोलणं तोडत नाही.

मी कामावर जायला लागले. तीच मालिका, तीच सोळा वर्षांची आई. तिचं नवव्या महिन्याचं पोट मीच शिवलं: आत कापूस, वजनाला वाळूची पिशवी, मागे चार बंद. तिसऱ्याचं, पाचव्याचं, सातव्याचं, अशी पोटं माझ्या कपाटात ओळीने टांगलेली असतात. दिग्दर्शक म्हणतात, पोटाच्या बाबतीत शिवणबाईंचा डोळा म्हणजे टेप. हा डोळा घरी काय करत होता गं? तू शाळेचा झगा सैल करून मागितलास, मी दोन बोटं उसवून दिला. महिन्याने पुन्हा मागितलास, पुन्हा दिला. वर म्हटलं, बसून खातेस, सुटलीस नुसती. बाबा असते तर त्यांनी तुझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. मी कमरेकडे पाहिलं, तेही मापापुरतं.

परवा बाळंतपणाचं शूटिंग झालं. त्या पोरीच्या कपाळावर पाणी शिंपडलं, ती तीनदा किंचाळली, आणि चार महिन्यांचं गुटगुटीत मूल दुपट्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. त्याने कॅमेऱ्याकडे बघून जांभई दिली. सगळे हसले. मी जिन्यावर जाऊन बसले. तुझ्या बाळंतपणात तुला झटके आले तेव्हा तुझे दात जिभेत रुतले होते. टाक्यांमुळे तू उभ्यानेच जेवायचीस. दुधाने कपडे भिजायचे आणि पाजायला कुणी नाही, कारण तुझी मुलगी काचेच्या पेटीत, नाकात नळी. लेखकाला मी एकदा हे सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, लोक जेवताना बघतात हो."

चौथ्या दिवशी पेटीसमोर मी तुला म्हटलं, एकदा छातीशी धर, सगळं विसरशील. तू माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलंस. ठकू, ते वाक्य माझं नव्हतं. मालिकेत त्या पोरीची आई तेच म्हणते. सात वेळा घेतला होता तो प्रसंग, मी बाजूला सुईदोरा घेऊन उभी. बाबा गेल्यावर टाकून दिलेल्या संवादांच्या कागदांवर मी वाचायला शिकले, तुला ठाऊक आहे. बोलायलाही त्यांच्यावरच शिकले की काय, देव जाणे. मला काही सुचेना, तोंडात होतं ते बाहेर पडलं. आणि तू विसरायचं तरी काय होतंस? झटके? शाळा? स्वतःला? दुसऱ्या दिवशी तुझी खाट रिकामी.

ती आता पावणेदोन किलोची झाली. नळी काढली. नर्स तिला मॅडम म्हणते, कारण दुधाला उशीर झाला की सगळा वॉर्ड डोक्यावर घेते. मी रोज कामावरून तिथे जाते. पेटीच्या भोकातून हात घातला की ती माझं बोट धरते. हे लिहिणार नव्हते, पण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही.

गुरुवारी अकराला बालगृहाच्या बाई हॉस्पिटलात येणार आहेत. मूल ठेवायचं की दुसऱ्या घरी द्यायचं, ते त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. तेव्हा मोठ्यांनी बाहेर थांबायचं. त्यांचा कागद मी तीनदा वाचला. तू आली नाहीस तर तुझ्याऐवजी मला विचारतील. आणि मला विचारलं, तर मी ठेवते म्हणेन. तुझ्या मनात काय आहे ते न कळता म्हणेन. माझ्याने ते बोट सोडवत नाही गं. मग ती या घरात वाढेल आणि तू कायमची मावशीकडे राहशील, हे मला दिसतंय, तरी म्हणेन. माझा माझ्यावर भरवसा नाही. तुला नको असेल, तर नको म्हणायला ये. मी बाहेर बाकावर बसेन. एक शब्द बोलणार नाही. तू सांगशील त्याखाली सही करेन. पण ये. त्यांना मला एकटीला विचारू देऊ नकोस.

तुझीच, घाबरलेली
आई