माझ्यासाठी हटवा

बोट उचलले आणि कळले की ते चुकीच्या ओळीवर पडले होते. फोनने नीट विचारले होते: प्रत्येकासाठी हटवा, की माझ्यासाठी हटवा? मी घाईत दुसरे दाबले. खाली 'पूर्ववत करा' असे काही उमटले, आणि मी ते वाचेपर्यंत गेले. तेव्हापासून कवडूबाबांचे पापनिवेदन आमच्या चर्चच्या धर्मग्रामातल्या प्रत्येकाच्या फोनवर आहे. फक्त माझ्या फोनवर नाही.

मामा, जय ख्रिस्त. हे आधी लिहायला हवे होते, पण वरचे घाईत लिहून गेले. तुमचा गुडघा कसा आहे? आईने कळवले की तुम्ही जिना चढायचे सोडले, त्यामुळे आता सेमिनरीच्या वरिष्ठांना तुम्हाला भेटायला खाली यावे लागते. बरे वाटले. माझी प्रकृती चांगली आहे. स्वयंपाकाला शोभाबाई आहेत. (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आल्या आल्या मी सांबार आहे का विचारले, तर त्यांनी माझ्या हातात जुडी ठेवली आणि मी तिचे काय करतो ते पाहत उभ्या राहिल्या.) गाव लहान आहे, पवनारच्या अलीकडे, धाम नदीला लागून. मी इथे सुखी आहे. पुढचे वाचताना हे ध्यानात असू द्या.

नागपूरला तरुण धर्मगुरूंसाठी डिजिटल संवादाचे शिबिर झाले. मी गेलो होतो. लोक जिथे आहेत तिथे धर्मगुरूने जावे, असे शिकवणाऱ्यांचे म्हणणे. (आमचे लोक कापसात असतात. पण त्यांना व्हॉट्सअॅप म्हणायचे होते.) ग्रुपचे नाव लहान आणि जिव्हाळ्याचे असावे, फोटोत हसरा चेहरा असावा, असेही सांगितले. परत आल्यावर मी सगळ्या धर्मग्रामाचा ग्रुप काढला, त्याला 'फादर' हे नाव दिले आणि वर माझा हसरा चेहरा लावला. पुढच्या शिबिरात या ग्रुपचे कौतुक झाले. नमुना म्हणून तो पडद्यावर दाखवला गेला. यातला धोका तिथे बसलेल्या एकाही धर्मगुरूला दिसला नाही.

आता कवडूबाबा. बाप्तिस्म्याचे नाव बर्थलमय, पण ते त्यांना स्वतःलाही आठवून सांगावे लागते. ऐकू कमी येते, वाचता येत नाही. माझ्या आधीच्या फादरांच्या काळात त्यांनी पापनिवेदन सोडले. का, ते त्यांनीच मला चर्चच्या पायरीवर सांगितले: "त्या फादरनं प्रायश्चित्त एवढ्या जोरात सांगतलं, का लाइनीतल्या बायकाईनं मायासंगं नमो मरियेच्या प्रार्थना मोजल्या. मंग काऊन येऊ?" मला वाईट वाटले. म्हातारा माणूस, मनात काही घेऊन हिंडतो, आणि केवळ कानांमुळे दारातून परत जातो. मी म्हणालो, बाबा, तुम्हाला बोलायला तर अडचण नाही. जे मनात आहे ते फोनवर बोलून मला पाठवा, मी ऐकतो. मग तुम्ही या, आपण बाकीचे पाहू. (फोनवरचे पापनिवेदन हे पापनिवेदन नव्हे, हे तुम्हीच आम्हाला शिकवले. मी त्याला तयारी समजत होतो.) त्यांनी घरी जाऊन फोन उघडला. फादर ही अक्षरे ओळखीची नव्हती, पण चेहरा ओळखीचा होता. चेहऱ्यावर बोट ठेवले आणि बोलले.

काय बोलले ते मला लिहिता येत नाही. तुम्ही समजून घ्याल. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, त्यात किसनरावांचे नाव आहे आणि एक कोंबडा. हे शेवटचे तीन शब्द मी खोडत आहे. कृपया वाचू नका. बाबांचा आवाज मोठा आहे. मी तो उघडला तेव्हा माझ्या फोनमधला कोंबडा आणि स्वयंपाकघरात शोभाबाईंच्या फोनमधला कोंबडा एकाच वेळी आरवला. (बाबा नक्कल करून सांगतात. हेही खोडले.) शोभाबाई पदराने तोंड दाबून दारात आल्या. "बाप्पा, फादर, हे तं समद्याईले गेलं."

मग मी बोट ठेवले, ते वर लिहिलेच आहे. आता बाबांच्या स्वतःच्या फोनवरूनच ते पुसता आले असते, आणि त्यासाठी त्यांना सांगावे लागले असते की तुमचे मन आख्ख्या गावाने ऐकले. ते पुन्हा चर्चची पायरी चढले नसते. तेव्हा मला तुमचा वर्ग आठवला. पापनिवेदन चुकून ज्याच्या कानावर पडेल, त्यालाही गुप्ततेचे बंधन आहे. मी ग्रुपवर लिहिले, मुद्दाम अक्षरांत, म्हणजे बाबांना कळू नये: ज्यांनी ज्यांनी ऐकले त्या सर्वांवर हे बंधन आहे, मरेपर्यंत.

मामा, माझ्या एकाही उपदेशाचा असा परिणाम झालेला नाही. गाव गप्प झाले. चक्कीवर लोक कवडूबाबांना पाहून हवामानाविषयी बोलू लागले. फक्त किसनराव तडक माझ्याकडे आले.

"फादर, मंग मी त्याले काई बोलू बी नाई?"

नाही, म्हणालो.

"बायकोसंगं? तिनं बी आयकलं हाय."

तिच्याशीही नाही.

"मनातल्या मनात?"

तेवढे चालेल, म्हणालो. ते ओट्यावर बसले आणि बराच वेळ मनातल्या मनात बोलले. ओठ हलत होते. उठताना म्हणाले, "तीन साल मी त्या मांजरीले दोष देऊन राह्यलो." मग स्वतःच जीभ चावली आणि गेले.

शनिवारी बाबा आले. त्यांना कळेल इतक्या जोरात बोलायचे तर चर्चमध्ये शक्य नव्हते. मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नदीच्या कोरड्या पात्रात नेले, जिथे माणूस नव्हता. तिथे रीतसर पापनिवेदन झाले. मी ओरडून पापक्षमा दिली. दोन म्हशींनी माना वर केल्या. (त्यांच्यावर बंधन येते का, सवडीने कळवा.) प्रायश्चित्त काय दिले तेही लिहिता येत नाही. परतताना बाबा मागून म्हणाले, "फोनचं लय चांगलं झालं, फादर. कोनाले मालूम बी नाई पडलं." मी गिअर बदलला.

बाकी सर्व ठीक. पाऊस नाही, पण ढग येतात. आईला सांगा की मी वेळेवर जेवतो.

तुमचा भाचा,
आंद्रू

ता. क. तुम्ही जन्मभर चर्चचा कायदा शिकवलात. फोनवरचे ते पापनिवेदनच नव्हते, म्हणून त्यावर बंधनही नाही, हे तुम्हाला पहिल्या पानावरच कळले असेल. कृपया ते कोणालाही कळवू नका. मलाही नको.

आणखी एक. हे सारे तुम्हाला ठाऊक नसल्यासारखे लिहिले, पण नाताळात मीच तुम्हाला त्या ग्रुपमध्ये घेतले होते. शोभाबाई म्हणतात, बाबांच्या बोलण्याखाली एकच हसरे तोंड उमटले आहे, आणि त्यांनी वाचून दाखवलेला नंबर तुमचा आहे. मामा, बाबा अक्षरे वाचत नाहीत, चेहरे वाचतात. हे पत्र खरे तर एवढ्यासाठीच. ते तोंड काढून घ्या.

पाकीट चिकटवायचे राहिले, म्हणून हे आज सकाळी. किसनरावांच्या अंगणात एक कोंबडा सापडला, पायाला सुतळी बांधलेला. मिस्सानंतर त्यांनी तो काखेत धरून चर्चच्या आवारात आणला, कवडूबाबांच्या कानाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "हा कोनाचा असन, बावा?" बाबा आभाळाकडे पाहत म्हणाले, "मले काय मालूम." सगळे आभाळाकडे पाहू लागले. किसनराव म्हणाले, "असन कोनाचा तरी," आणि त्याला घरी घेऊन गेले.