हुरड्याची आग

अमरावती, पौष वद्य पंचमी.

विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आहे, पण विम्याशिवाय वऱ्हाडातून गाडी हलवायची कुणाची छाती नाही. मीही विमा उतरवला. वाटेत आग लागली तर भरपाई, पण गाडीने अकोल्याचा रस्ता सोडायचा नाही. आमच्या गाडीवानाने, सखारामने, सोडला! मेव्हण्याने शेतात हुरडा खायला बोलावलं म्हणे. कापसाची गाडी आगटीशेजारी उभी केली. एक ठिणगी, संपलं.

"काहून गेला रे?"

"हुरड्याले नाही कसं म्हनू, शेटजी?" वर माझ्यासाठी पुरचुंडी आणलेली! मी तरी नाही म्हटलं असतं का?

विमेवाला म्हणाला, "रस्त्यावर जळाली असती तं पैसे देले असते."

आणि बोलता बोलता माझा हुरडाही खाऊन गेला.