पाणकावळ्यांची शीट आणि माझी शाळा

बाबा, आज सकाळी तुझ्या नातवाच्या होडीवरची शीट काढून आले आणि तीनदा साबणाने हात धुतले तरी वास जात नाही. दुपारी जेवायला बसले, भाताचा घास तोंडाजवळ नेला आणि तसाच परत ताटात ठेवला. हे लिहितेय माझी नात. मी बोलायचं, तिने लिहायचं असं ठरलंय. 'शीट' आली तिथेच ती अडली. म्हणाली, "आजी, पक्ष्यांची विष्ठा लिहू का?" मी म्हटलं, लिही की बाई, वास तोच येणार.

झालं असं, की परवा भाच्याचा फोन आला. तो हल्ली मासे मारत नाही, लोकांना होडीत बसवून खाडीत फ्लेमिंगो दाखवायला नेतो. इंजिन बिघडलं म्हणून दोन महिने होडी तिवरांखाली बांधून ठेवली होती. तिवरांवर पाणकावळे राहतात हे कोळ्याच्या पोराला मी सांगायचं का? "आत्या, बाटलीतलं केमिकल टाकलं तं फळी पिवळी पडली, पन हे काय निघंना. तूच ये बाय आता." गेले. वर्तकनगरहून रिक्षा केली, नातीला सुट्टी होती म्हणून तीही आली. मागे घोडबंदर रोडचे टॉवर काचा चमकवत उभे आणि पुढे ही होडी. भिंतीला गिलावा करावा तसा थरावर थर चढलेला, पांढऱ्यावर हिरवा, हिरव्यावर काळा. मधेमधे काटे रुतलेले, एका जागी तर बोईट माशाचं अख्खं डोकं, डोळा तेवढा नाही. ऊन वर आलं तसा त्याला वास सुटला, कुजकी सुकट चुन्यात कालवावी तसा. नातीने ओढणी नाकाला लावली आणि ती चार पावलं मागे सरली. मी म्हटलं, अगं ये पुढे, लोक एवढ्या लांबून पक्षी बघायला येतात, हेही पक्ष्यांचंच आहे.

भाचा पत्र्याचा तुकडा घेऊन कोरडंच खरवडत होता. पांढरी धूळ उडत होती आणि तो ती बिनदिक्कत नाकात घेत होता. मी ओरडले. ओरडले मी, पण आवाज तुझा निघाला. "आरं, भिजू दे त्याला! सुकं उडवशील तं छातीत जाईल." तू मला अस्साच ओरडला होतास. मी सात वर्षांची असेन. नारळी पुनवेआधी होडी घासून, तेल पाजून, रंगवून पूजेला उभी करायची, आणि तुझे हात होडीच्या आतल्या बरगड्यांच्या मधल्या फटीत जात नव्हते. माझे जायचे. तू गोणपाट पाण्यात बुडवून फळ्यांवर पसरायचास आणि विडी ओढत बसायचास. घाई करायची नाही, आपोआप सुटतं म्हणायचास. मग मी करवंटीच्या तुकड्याने ते ओलं, चिकट, कोमट खरवडायचे. कोमट म्हणते आहे, लक्षात घे. उन्हात भिजलेली शीट कोमट असते, आणि ती बोटांच्या मधून येते. डाग राहिला तर चिंच आणि राख. चिंच लागली की नखांच्या कडा चुरचुरायच्या. एकदा मी ओकले, तेही होडीतच. तू म्हणालास, "आता हे पन तूच काढ." आणि हसलास. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आत्ता मेलं येतंय.

आजही तसंच केलं. गोणपाट, करवंटी, चिंच, राख. भाचा आ वासून बघत होता, कारण फळी खालून लाकडाच्या रंगाची निघाली. आणि नात, जिने बोट लावलं नाही, ती म्हणाली, "आजी, ई! लहानपणी तू रोज हे करायचीस? म्हणून तुला शाळेत नाही पाठवलं?" मी आयुष्यभर जे सांगत आले तेच सांगितलं, हो गं, बापाने मला शीट काढायला ठेवलं, पाटी कुठून मिळणार. सासरी सांगितलं, शेजारणींना सांगितलं, हसतहसत सांगितलं. ऐकणाऱ्या आधी हसायच्या, मग चक् चक् करायच्या, आणि मला दोन्ही आवडायचं. नात हसली नाही. ती म्हणाली, "असला कसला गं तुझा बाप? स्वतःच्या मुलीला घाणीत बसवून तिचं शिक्षण बंद केलं? मला तर त्यांचा फोटोपण बघावासा वाटत नाही." तुझा फोटो तिच्याच खोलीत आहे.

म्हणून हे पत्र. पोरी, नीट लिही आता.

तू मला शाळेत घातलं होतंस. पाटी आणली होतीस, लाकडी चौकटीची, आणि दोन पेन्सिली, एक मोडली तर दुसरी असावी म्हणून. होडी शाळेआधी, पहाटेच घासू म्हणालास. मी गेले. मास्तरांनी खिडकीजवळ बसवलं. माझ्या शेजारचा पोरगा सरकला, मग त्याच्या शेजारचा सरकला. कोणीतरी म्हणालं, हिच्यावर बगळा हगलाय. सगळा वर्ग हसला. मी माझी नखं पाहिली, त्यांच्यात पांढरं होतं, आणि मला माझीच किळस आली, होडीची कधी आली नव्हती तेवढी. मास्तर पोरांवर ओरडले. मला म्हणाले, "बस बाळ, तू बस." दोनदा म्हणाले. मी उठून पळाले.

तुला येऊन सांगितलं, मास्तरांनी हाकललं. तू ओल्या लंगोटीवर शाळेत गेलास आणि सगळ्या पोरांसमोर त्या माणसाची आई-बहीण काढलीस. मी बाहेर कुडाआड उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते गप्प राहिले. त्यांनी सांगितलं असतं तर मी खोटी पडले असते, म्हणून. त्यानंतर तू म्हणालास, जिथे माझ्या पोरीला बसायला जागा नाय तिथे ती जानार नाय. मला बरं वाटलं. होडीवर कोणी नाक दाबत नव्हतं. तुला सांगताना मास्तर वाईट, जगाला सांगताना तू वाईट, आणि मी दोन्हीकडे बिचारी. चांगली सोय लावली होती की नाही?

इथे नातीने पेन खाली ठेवलं. "आजी, मग सकाळी मी त्यांना एवढं बोलले ते?" मी म्हटलं, ते माझ्या खात्यावर. लिही पुढे.

पुढे काही नाहीच. ती विचारते, पत्ता काय टाकू? राहू दे म्हटलं. मग मी कागद हातात घेतला, उलटा की सुलटा तेही कळेना. तिला विचारलं, "जसंच्या तसं लिहिलंस ना गं? मला सावरून नाही ना घेतलंस?" ती म्हणाली, "जसंच्या तसं, आजी." विश्वास ठेवायचा, दुसरं काय करणार. शाळेतून परत येताना तूही वाटेत थांबून दोनदा विचारलं होतंस, "खरंच हाकलली ना गं तुला?" दोन्ही वेळा मी तुझ्याकडे बघून मान हलवली, बाबा.