नोंद क्रमांक नऊ

धरणाची छावणी, तास्मानिया
१४ जून १९५३
(तुमच्या पंथाच्या हिशेबाने सहाव्या महिन्याची चौदावी, पहिला वार)

डॉर्कसताई,

नाही, मला नाही पटलं. तू चार पानं लिहिलीस, चाळीस लिहिली असतीस तरी पटलं नसतं. ‘जोएल, तू शाळासमितीत कधी बसला नाहीस, तिथली शांतता तुला कळायची नाही,’ असं लिहितेस. बरं झालं नाही बसलो. तुझा खोकला गेला असेल, आत्याचे गुडघे बरे असतील. मी ठणठणीत आहे, इथे थंडी सुरू झाली, जेवणात रोज मेंढीच. झाली खुशाली. आता भांडूया.

एनॉकला तुम्ही घराबाहेर काढताय. ‘काढताय’ हा शब्द तुला लागला म्हणे. मग दुसरा कुठला लिहू? हेझलगार्थ शाळेच्या फाटकापाशी दोन खोल्यांत तो माणूस सत्तावीस वर्षं राहतोय. त्याची बायको त्याच खोलीत गेली. अडुसष्टाव्या वर्षी त्याला सांगायचं, सप्टेंबरात तेलावरचा नवा बॉयलर येतोय, कोळसा ओढायला माणूस नको, तेव्हा तू जा, तुझ्या खोल्यांत मुलं व्हायोलिन शिकतील. आणि कागदावर काय लिहायचं? ‘एनॉक प्रॉक्टर यांना दीर्घ सेवेच्या भारातून प्रेमपूर्वक मोकळं करावं.’ प्रेमपूर्वक! ताई, आमचा इथला मुकादम माणसाला कामावरून काढतो तेव्हा आईवरून शिव्या देतो. मला तो बरा वाटायला लागलाय.

तुझं पत्र मी आमच्या खोलीतल्या मिर्कोला वाचून दाखवलं. मिर्को युगोस्लाव्हियाचा आहे, बोगद्यात माझ्याबरोबर सुरुंगाची भोकं पाडतो. त्याला काही केल्या कळेना.

“मग मतं किती पडली?” तो म्हणाला.

“आमच्या पंथात मतं घेत नाहीत.”

“हात वर करतात?”

“नाही.”

“मग ठरवतं कोण?”

“कुणी नाही. सगळे गप्प बसतात. कुणाला आतून वाटलं तर तो उठून बोलतो. परत गप्प. मग चिटणीस सगळ्यांचा कल ओळखून तिथल्या तिथे नोंद लिहितो आणि वाचून दाखवतो. कुणी हरकत घेतली नाही की झालं.”

“आणि एकाने घेतली तर?”

“तर थांबतात. एकासाठीसुद्धा थांबतात.”

मिर्कोने बूट काढता काढता माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला थापा मारतोय. “एका माणसाने थांबतं,” तो म्हणाला, “आणि तुझी बहीण तिथेच होती?”

काय सांगणार मी त्याला? तूच सांग.

तू लिहिलंयस की चिटणीस म्हणून विल्फ्रेडने नोंद वाचली तेव्हा तुझ्या छातीत धडधडत होतं, पण बोलायचा स्पष्ट आदेश आतून आला की नाही याची तुला खात्री होईना. तू खात्री करत बसलीस. तेवढ्यात विल्फ्रेडने चष्म्यावरून पाहिलं, म्हणाला, “मित्रहो, हे असंच आहे ना?” दोघेजण म्हणाले, “तशी आशा आहे,” म्हणजे आपल्या भाषेत मान्य. विल्फ्रेडने सही केली. नोंद क्रमांक नऊ. पुढचा विषय, जेवणघराचे पडदे.

आणि मग चहा. तो चहाचा भाग मी तीनदा वाचला. ऑगस्टाबाई किटलीपाशी तुझ्या कानात म्हणतात, “मला बाई काही बरं वाटलं नाही हो.” बँकेतला एडमंड म्हणतो, “मलाही नाही, पण मला वाटलं तुम्हा सगळ्यांचं जमलंय, मी कशाला मोडता घालू.” आणखी दोघं तेच. तू पाचवी. नऊ जणांच्या समितीत पाच जण नाखूश, पाचही जण मूग गिळून बसलेले, प्रत्येकाला वाटतं बाकीच्या आठांना देवाने सांगितलंय. आणि कागद म्हणतो, एकमताने! असला प्रकार फक्त आपल्या लोकांच्या हातून होऊ शकतो. बाकीचे भांडले असते, एकाने टेबलावर मूठ आपटली असती, एनॉक वाचला असता. तुम्ही बिस्किटं खाल्लीत.

आणि ती समिती आहे तरी कुणाची? मी मोजतो, तू बरोबर-चूक बघ. विल्फ्रेड, लोकरीच्या गिरणीचा व्यवस्थापक. एडमंड बँकेचा. एक डॉक्टर, एक वकील. ऑगस्टाबाई आणि त्यांची बहीण, त्यांच्या आजोबांनी शाळेला जमीन दिली म्हणून. दोन निवृत्त मास्तर. आणि तू, आपले वडील अकरा वर्षं त्या खुर्चीत होते म्हणून. नेमणूक समिती नावं सुचवते, तिमाही सभेत ती वाचतात, सभा गप्प बसते, झाले नेमून. सुचवणारे तेच, सुचवले जाणारे तेच, फक्त खुर्च्या बदलतात. आपण कुणाला साहेब म्हणत नाही, टोपी कुणापुढे काढत नाही, मास्तरालासुद्धा नावाने हाक मारतो. सगळे सारखे! पण ज्याने सत्तावीस हिवाळे त्या बैठकीची खोली ऊबदार ठेवली, तो चॅपलमध्ये जातो, आपल्या पंथातला नाही, म्हणून त्याने दाराबाहेर थांबायचं. समितीत कोळसा उचललेला एक तरी हात आहे का?

एकदाच तो आत आला होता, हे तुला माहीत आहे. तुझ्या पत्रातही आहे ते. ‘सन १९४६च्या नोंद क्रमांक चौदाचाही विचार करण्यात आला.’ एवढीच ओळ. ती तू इतक्या बारीक अक्षरात लिहिलीस की आधी मी ती ओलांडून गेलो. खरं सांगतो, ओलांडून गेलो नाही. वाचली आणि पत्र उशीखाली ठेवलं, ते नऊ दिवस ठेवलं. म्हणून उत्तराला उशीर. टपालाला दोष देणार होतो, पण राहू दे.

मला अजून विल्फ्रेडचा राग आहे हे आधी नीट समजून घे. त्या ओळीचा तर जास्तच. सात वर्षांपूर्वीची चूक माणसाच्या गळ्यात अजून बांधून ठेवायची, आणि वर म्हणायचं आम्ही कुणाचा न्याय करत नाही? तेव्हा त्याच्याकडून मळा काढून घेतला. ‘त्याच्या वयाचा विचार करून’ म्हणे. तोवर तो माळी होता, ताई. त्याच्या हातचे वाटाणे आठवतात ना तुला? मळा गेला आणि त्याच्याकडे फक्त बॉयलर राहिला. माळी असता तर आज बॉयलर बदलला म्हणून त्याला कुणी हलवलं नसतं. म्हणजे आजची नोंद नऊ त्या चौदातून निघालीय. मी बोगद्यात याचाच विचार करतो. मिर्को म्हणतो, भोक पाडताना विचार करू नको, हात जाईल.

ताई, पोहायच्या तलावाचं पाण्याचं दार एनॉकने उघडं ठेवलं नव्हतं.

मी उघडलं होतं.

कारण विचारशील. मोठं कारण नव्हतं. सकाळची शांत बसायची सभा होती, मी पळून वर तलावाकडे गेलो, आणि ते एवढं पाणी नुसतं अडून बसलेलं बघवेना. दार ओढलं तर ते मागे घेता येईना, गंजलेलं होतं. तासाभरात खालचा सगळा मळा गेला, कोबीची रोपं, वाटाण्याच्या ओळी, सगळं चिखल. एनॉक धावत आला तेव्हा मी गुडघ्यापर्यंत भिजलो होतो. त्याने माझ्या विजारीकडे बघितलं. मग मळ्याकडे बघितलं. म्हणाला, “जा पोरा, विजार बदल.” एवढंच.

तीन दिवसांनी समितीने दोघांना बोलावलं, मला तलावाकडे जाताना कुणीतरी पाहिलं होतं म्हणून. वडील टेबलाच्या त्या टोकाला बसलेले. माझ्याकडे बघत नव्हते. विल्फ्रेडने विचारलं, हे कसं झालं. एनॉकने टोपी हातात धरली होती (त्याला कोण सांगणार की आपल्याकडे टोपी काढायची गरज नाही) आणि म्हणाला, “दार मीच लावायचं विसरलो असेन.” मग विल्फ्रेड माझ्याकडे वळला. “जोएल, तुला काही सांगायचंय?”

आपल्यात शपथ घेत नाहीत, कारण आपला शब्दच खरा. म्हणून मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सगळे वाट बघत शांत बसले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. तेवढ्या वेळात माणूस चार वेळा खरं बोलला असता. मी हाताची घडी घालून बसलो. शेवटी विल्फ्रेडने लिहिलं, वाचलं, आणि वडील म्हणाले, “तशी आशा आहे.”

बाहेर आल्यावर मी एनॉकच्या मागे बॉयलरपर्यंत गेलो. तो म्हणाला, “तुझा बाप त्या टेबलाशी बसलेला. त्याला स्वतःच्या पोराची नोंद करायला लावायची? सोड. मळा काय, परत लावू.” त्याला वाटलं परत लावायला देतील.

पुढच्या महिन्यात मी शाळा सोडली. तुम्ही सगळे म्हणालात, जोएलचं पुस्तकात लक्ष नाही, त्याच्या पायाला भिंगरी आहे. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो की त्या शाळेला माझा कंटाळा आला होता, समितीने मला नीट वागवलं नाही. मिर्कोलाही तेच सांगितलंय. कुणी काही केलं नव्हतं, ताई. मी एनॉकच्या फाटकातून रोज जाऊ शकत नव्हतो, एवढंच. वडील गेले तेव्हा बोट मिळाली नाही असं कळवलं, ते मात्र खरं होतं. पण मिळाली असती तरी आलो असतो की नाही, सांगता येत नाही.

तेव्हा तुझ्यावर ओरडायचा हक्क मला किती, ते मला ठाऊक आहे. तरी ओरडणार. कारण मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, आता माझा आवाज तिथे पोचत नाही, आणि तू तिथे बसतेस.

समितीची पुढची बैठक अकरा जुलैला आहे, तुझ्याच पत्रात आहे. हे पत्र विमानाने टाकतोय, वेळेत पोचेल. आदेशाची वाट बघत बसू नकोस. शांततेच्या आधीच, विल्फ्रेडने वही उघडली की उभी राहा आणि म्हण, ‘नोंद नऊशी माझं एकमत नव्हतं, मी गप्प राहिले ही माझी चूक.’ बघ, ऑगस्टाबाई लगेच मान हलवतील. मग पुढचं वाच. सगळं नीट लिहितोय, खाडाखोड नाही:

‘मी, जोएल बेनब्रिज, हेझलगार्थचा माजी विद्यार्थी, सांगतो की सन १९४६च्या नोंद क्रमांक चौदामध्ये लिहिलेलं खोटं आहे. पाण्याचं दार मी उघडलं. एनॉक प्रॉक्टर यांना ते माहीत होतं आणि त्यांनी माझा दोष स्वतःवर घेतला. मला विचारलं असता मी गप्प राहिलो. ती नोंद दुरुस्त करावी आणि तिच्या आधाराने पुढे जे ठरलं ते पुन्हा विचारात घ्यावं.’

वकिलांना शब्द आवडले नाहीत तर त्यांना म्हण, पोराचं शिक्षण अर्धवट राहिलं.

हे वाचायच्या आधी एनॉकला सांग. त्याला न विचारता त्याच्याबद्दल ठरवायचं, हे आणखी एकदा नको. तो ‘सोड’ म्हणेल. सोडू नकोस. वडिलांचं नाव मध्ये येईल म्हणून तुझा पाय अडखळेल, मला माहीत आहे. ते त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हते, त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं होतं. मी सकाळपासून दुसरे बूट घातले होते, माझे वाळले नव्हते. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. तेही गप्पच बसले. आपल्या घरात हे पुष्कळ झालं आता.

आणि दोन्ही नोंदी तशाच ठेवून त्यांनी परत पडद्यांकडे वळायचं ठरवलं, तर गावात पोस्टाच्या वरची खोली भाड्याने असते, ती एनॉकसाठी घे. मागे जमिनीचा तुकडा आहे, तिथे तो काहीतरी लावेल. खोलीला ‘शाळेची मदत’ असं नाव देऊ देऊ नकोस. माझ्या नावाने घे, आणि कशाबद्दल ते त्याला माझ्यातर्फे स्पष्ट सांग. इथल्या वसंतात घरी यायला पैसे साठवले होते, ते येणं आता पुढच्या वर्षावर गेलं.

तुझा, गप्प बसलेला भाऊ,
जोएल

सोबत बँकेचा कागद आहे. बासष्ट पौंड.