साहेबांच्या टेबलावरचा नारळ

९ डिसेंबर
आज संपाची नोटीस दिली. टाइप मी केली, प्रिंट मी काढली, सरकारी कागद वापरला म्हणून बोलणीही मीच खाल्ली. संघटनेची जिल्हा शाखा म्हणजे खरं बघायला गेलं तर दोनच माणसं, अध्यक्ष आबा आणि सेक्रेटरी मी. बाकीचे फोटोपुरते.

आबा आमच्या ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. या महिनाअखेरीला रिटायर. नोकरीला उशिरा लागले म्हणून जुनी पेन्शन हुकली, तिच्यासाठी हा संप. माझी तऱ्हा वेगळी. मी कंत्राटी, कॉम्प्युटरवर. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस ब्रेक, मग पुन्हा नवी ऑर्डर, असं कित्येक वर्षं. चालू ऑर्डर याच ३१ ला संपते. म्हणजे पेन्शनवाल्यांच्या पुढे झेंडा घेऊन कोण, तर जिला जानेवारीत नोकरी आहे की नाही ठाऊक नाही ती.

आबांना तसं म्हटलं. म्हणाले, "गो रोहिणी, पेन्शन मागता मागता पगार तरी गावतलो."

१० डिसेंबर
घरी सांगितलं. हे अंगणात जाळं सांधत बसले होते. मान वर न करता विचारलं, "संपात जातलंस? आणि ऑर्डर नाय दिल्यानी तर?"
मी दोरीवरचे कपडे काढायला लागले.
"मगे माझ्यावांगडा होडयेत ये."
होडीत मला उलट्या होतात, हे यांना लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे.

खरं सांगायचं तर भीती वाटते. या वेळी कुजबुज आहे की आम्हा कंत्राटी लोकांना काढून ठेकेदाराची माणसं घेणार. आमची फाइल साहेबांच्या टेबलावर पडून आहे. 'हेच लोक ठेवावेत' एवढं लिहून त्यांनी सही केली की आम्ही वाचलो. साहेब नागपूरकडचे, नवीन आलेत. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. सहीच्या तर आसपासही नाहीत.

१५ डिसेंबर
संप सुरू. राज्यात १२ लाच सुरू झाला, पण १२ ला आबांच्या गावची जत्रा. अर्धे सभासद रात्रभर दशावतार बघून दुसऱ्या दिवशी झोपलेले. मुंबईचे नेते फोनवर किंचाळले, "अहो, संप सगळीकडे एकाच दिवशी करायचा असतो!" आबा शांतपणे म्हणाले, "जत्रेची तारीख काय आमी ठरवतंव?"

ओरोसला जिल्ह्याच्या ऑफिसच्या गेटसमोर मांडव घातला. मुंबईहून घोषणांचा कागद आला होता, सगळा हिंदीत. मी घसा ताणून एक घोषणा दिली. मागून कुणीतरी पुटपुटलं. बाकीचे चहाच्या टपरीकडे बघत उभे. आमच्या माणसाला ओरडायची लाज मुळीच नाही. कुंपणावरून शेजाऱ्याला हाक मारली तर तीन वाड्यांत ऐकू जाते. पण हिंदीत ओरड म्हटलं की सगळे नव्या नवरीसारखे खाली बघतात.

संध्याकाळी घरी जाताना कसालपर्यंत एसटीत उभीच. उद्या कोण येणार, देव जाणे.

१६ डिसेंबर
आले! आणि काय आले!

आबांनी घोषणांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मांडवात नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आबांच्या घराण्याचा, हे विसरलेच होते मी.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां उन्हातान्हात तुझ्या पायाकडे इली हत म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"जल्मभर नोकरी करून म्हातारपणी झिलाकडे हात पसरूची पाळी ह्येंच्यार येवक नको म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"पेन्शनीक ज्या कोणी आडकाठी घातली आसात, त्येका चांगली बुद्धी दी, आणि तोपर्यंत त्येचीय पेन्शन बंद ठेव म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!!"

टपरीवालाही ओरडला. बंदोबस्ताचा पोलीसही ओरडला, मग इकडेतिकडे बघून त्याने उगाच शिटी वाजवली. या दोन शब्दांचं असंच आहे. लहानपणापासून देवळात उभं राहून इतकं म्हटलंय की झोपेतून उठवलं तरी तोंडातून निघतं.

१७ डिसेंबर
व्हिडिओ सगळीकडे. माझ्या मावशीला पुण्यात आला. मुंबईचा फोन: "संघटनेत हे देवदेव काय चाललंय? सगळ्या धर्मांचे सभासद आहेत ना तुमच्यात?" म्हटलं, आहेत ना, आमचा फ्रान्सिस सगळ्यांत मोठ्याने ओरडतो. पलीकडून फोन ठेवला.

मांडव दोन्हीकडून वाढवला. आत साहेब एकटेच. स्वतः चहा करून घेतात म्हणे.

१९ डिसेंबर
लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

दुपारी साहेब गेटबाहेर आले. हातात नारळ. त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाणाऱ्या काकीने शिकवलं असणार, दुसरं कोण? आले ते सरळ आबांच्या पुढ्यात. नारळ ठेवला, चपला काढल्या, हात जोडले. "माझ्यासाठी पण एक गाऱ्हाणं घाला ना, आबा."

मी डोळ्यांनी नको नको करतेय. आबा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "नारळ ठेवल्यानी गो. आता नाय म्हणूक येणा नाय." मानकऱ्याचा नियमच आहे तो. समोर वैरी उभा राहिला तरी त्याचं गाऱ्हाणं घालायचं, आणि मनापासून घालायचं. बरं, आबांना अर्धवट काम येतच नाही.

"बा देवा म्हाराजा! हो परमुलखातलो माणूस घरदार सोडून तुझ्या राज्यात इलो हा म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"ह्येका हयचा पाणी, हयचा जेवण मानवांदे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"ह्येचा हापिस उद्यापासून सुरू होवंदे, आणि ही सगळी माणसां आपापल्या कामार रुजू होवंदेत म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही ओरडले होते. मी! सेक्रेटरी!

आबांचे डोळे मिटलेलेच. पण ते थांबले नाहीत. "आणि ह्या रोहिणीचा आणि तिच्या सांगात्यांचा काम ठेकेदाराच्या हातात न जाता, ह्याच साहेबाच्या हातसून कायम रवांदे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"

या खेपेला आवाज जरा पडेल होता. म्हणूनच साहेबांचा स्पष्ट ऐकू आला. हात जोडून, डोळे मिटून, रंगात येऊन सा. म्हणाले, "व्हय म्हाराजा!" पोलिसाने सगळं मोबाइलवर घेतलंय.

२० डिसेंबर
पेपरात आलं, 'कर्मचाऱ्यांचा एकमुखाने संप मागे'. मुंबईने आबांचा आणि माझा राजीनामा मागितला. आबा म्हणाले, लिहून कोण देतलो, टायपिंग तूच करतंस मा? मी केलं नाही.

सगळे मुकाट कामावर. देवासमोर होय म्हटलंय, मोडायचं कुणी? आबांचा राग आला, सा.चा आला, सगळ्यांत जास्त माझ्या तोंडाचा आला. बाथरूममध्ये जाऊन रडले. गेटबाहेर होतो तेव्हा निदान कोणीतरी आमच्याकडे बघत होतं.

आबा डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "रडतंस कित्याक? तेना पण व्हय म्हटल्यान. तो काय मोकळो सुटलो?"

२२ डिसेंबर
आबा सा.ना सांगून आले: गाऱ्हाण्याचा नारळ मागणं पुरं झाल्यावर फोडायचा. तुमचं झालं, पोरींचं व्हायचं आहे. तोवर नारळ जपून ठेवा.
सा.नी विचारलं, कुठे?
आबांनी टेबलाकडे बोट दाखवलं.

२४ डिसेंबर
नारळ फाइलींच्या शेजारी बसलाय. शिपाई टेबल पुसतो, पण नारळाला वळसा घालून. स्टेनो त्या बाजूला कागद ठेवत नाही, डावीकडे सगळा ढीग. सा. म्हणाले घरी नेतो. आबा म्हणाले, "घाटरस्तो आसा साहेब, जीपीत गडगडलो म्हंजे?" साहेबांचा बंगला ऑफिसमागे आहे.

दुपारी मला बोलावलं. "मॅडम, असं बोलून नाही पाळलं तर काय होते हो?"
"काही होत नाही साहेब. तसं काही नसतं," मी म्हटलं. दारापर्यंत गेले आणि वळून म्हटलं, "आधीच्या साहेबांनीही तसलं काही मानलं नव्हतं."
आता आधीचे सा. बढती मिळून ठाण्याला मजेत आहेत. पण ते त्यांनी विचारलं नाही.

२९ डिसेंबर
फाइल हललेली नाही. "वर विचारलंय." वर म्हणजे कुठे, कोण जाणे. बाकीच्या कंत्राटी पोरी रोज मला विचारतात, ताई, काय? मी रोज म्हणते, होईल. घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. इतक्या वर्षांत या ऑफिसचा कुठला कागद कुठल्या कपाटात आहे ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि त्या कपाटांत माझ्या नावाचा एक पक्का कागद नाही.

हे म्हणाले, "होडी रंगवूक काढतलंय. नाव तुझा घालू?" चिडवत होते की समजूत घालत होते, कळलं नाही.

३१ डिसेंबर
आबांचा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, सामोसे. सा.नी चांगलं भाषण केलं. बोलताना त्यांची नजर सारखी श्रीफळाकडे जात होती.

आबा बोलायला उभे राहिले. "पेन्शन मागलंय, नारळ गावलो," एवढंच म्हणाले. लोक पोट धरून हसले. आबाही हसले, पण खाली बसताना खुर्चीचा हात चाचपत होते. मला बघवेना.

गेटपाशी त्यांनी समारंभात मिळालेला नारळ माझ्या हातात दिला. ऑर्डर माझीही आजच संपलेली, आणि ऑफिसने हातात नारळ दिला म्हणतात तो हाच, असं मी म्हटलं. आबा हसले नाहीत.
"उद्या सायबाकडे जा. आता गाऱ्हाणा तू घाल."
"आबा, बायका कधी गाऱ्हाणं घालतात?"
"बायका संप कधी करतत? केलंस मा?"

१ जानेवारी
ब्रेकचा दिवस. आज मी सरकारची कुणी नाही. गेटवर रखवालदाराने विचारलं, काय काम? रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारा माणूस! अभ्यागतांच्या वहीत सही करून आत गेले.

सा. टेबलापाशी. फाइल समोर, उघडी. नारळ होता तिथेच. मी आबांचा नारळ त्याच्या शेजारी ठेवला. सा. दचकले. "अजून एक?"

हात जोडले. डोळे मिटले. आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू येईना. "बा देवा म्हाराजा! पेन्शन रवांदे, आधी आमचा काम रवांदे म्हाराजा! आबांच्या म्हातारपणाक आधार होवंदे म्हाराजा! आणि ह्या साहेबान सगळ्यांसमोर जा व्हय म्हटल्यान, ता त्येच्या हातसून होवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्या पाठीमागून. वळून बघितलं तर दारात सगळं ऑफिस, शिपाई, स्टेनो, फ्रान्सिस, माझ्या सगळ्या पोरी, शेवटी गेटवरचा तो रखवालदार.

सा.चे ओठ हलले. एवढं नक्की. हातात पेन होतं. तेवढ्यात फोन वाजला. "मंत्रालयातून," स्टेनो म्हणाली. सा. फोन घेऊन खिडकीकडे वळले आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर जावं लागलं. मी शेवटच्या एसटीपर्यंत थांबले. दार उघडलं नाही.

ह्यांनी बांगडे आणले होते. जेवताना विचारलं, "मगे? उद्या खंय?"
सकाळचा डबा भरून ठेवलाय. ऑफिसात चालेल, होडीतही चालेल. उलटीवरची गोळी त्याच पिशवीत टाकली आहे.