परातीतलं पाऊल

४ नोव्हेंबर, मंगळवार

पोचले एकदाची! लोणावळा स्टेशनबाहेर रिसॉर्टची गाडी उभी होती. ड्रायव्हरने माझी बॅग इतक्या जपून उचलली, जणू बाळ तिच्यातच आहे. पवनेच्या बाजूला अर्धा तास, मग एक खडा चढ, आणि वर दहा खोल्या, एक लांबलचक पडवी आणि समोर कापणी झालेली भातखाचरं. मालक मुंबईत असतात. माझं काम एवढंच, की शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांकडून चित्रं काढून घ्यायची. 'मन निवांत करणारी अमूर्त चित्रं, नवशिक्यांसाठी' असा फलक लावलाय आणि खाली माझं नाव, अमृता. शाळेत बारा वर्षं घसा फोडला, पण माझं नाव कधी कुणी फलकावर लिहिलं नाही.

पाचवा महिना लागलाय. आधीची दोन तिसऱ्यातच गेली, हे टिकलंय. डॉक्टर म्हणाल्या, रोजचा प्रवास नको, मन शांत ठेवा. तळेगावच्या घरी सासूबाई दर तासाला विचारतात, काही होतंय का गं? होत नसलेलंही व्हायला लागेल अशाने! अतुल कंपनीच्या कामाला चेन्नईला गेलाय, २३ तारखेला येईल. म्हटलं, पगार मिळतो, हवा मिळते, चला.

स्वयंपाकघर धोंडाबाई मावशींच्या ताब्यात आहे. साठीच्या असतील. त्यांनी आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि न विचारता ताटात आणखी एक भाकरी टाकली. मला इथे आवडणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिला वर्ग झाला. अकरा जण, सगळे हिंजवडीचे. कोरा कागद पुढे ठेवला तर बिचाऱ्यांना घामच फुटला. मला चित्र येत नाही, असं प्रत्येकाने वेगवेगळं येऊन कानात सांगितलं, जसा काही रोगच आहे. मोकळं सोडलं असतं तर अकराही जणांनी दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली नदी काढली असती. म्हणून मी डोळेच मिटायला लावले. पेन उचलायचं नाही, एकच रेघ कागदभर भटकू द्यायची. मग डोळे उघडून जिथे जिथे रेघेने घर बांधलंय तिथे काहीतरी भरायचं: ठिपके, जाळी, लाटा. चुकायला जागाच नाही. एक टक्कलवाले काका दीड तास नुसती जाळी भरत बसले आणि म्हणाले, आठ महिन्यांत पहिल्यांदा फोन विसरलो. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

९ नोव्हेंबर, रविवार

आज वाळूत बोटाने नक्षी काढायची ठरवली होती. ड्रायव्हरने वाळू आणली ती बांधकामाची, त्यात निम्मे खडे. मग कोठीतून तांदळाचं पीठ घेतलं. काय मऊ आहे! सात परातींत सपाट पसरलं, मधोमध बॅटरीवर चालणारी पणती ठेवली, आणि संध्याकाळी पाहुण्यांनी तिच्याभोवती बोटाने वर्तुळं काढली. नाही आवडलं की परात हलवा, पुन्हा कोरी. पोरांसारखे रमले सगळे. त्यांना सकाळच्या उन्हात फोटो हवे होते, म्हणून पराती पडवीतच ठेवल्या आणि उंदीर-पाली नकोत म्हणून वर टोपल्या पालथ्या घातल्या. सातवी परात कुणी वापरलीच नव्हती, तीही झाकली. पणत्या बंद करायच्या राहून गेल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी टोपल्या काढल्या. सहा पराती जशा होत्या तशा होत्या. सातवीत पक्ष्याच्या पायांचे ठसे होते. काठापासून पणतीपर्यंत आले होते, पण परत गेलेले कुठेच नव्हते.

धोंडाबाई मावशींनी पाहिलं आणि हातातला तवा खाली आदळला. कुणाच्या नावानं झाकलं म्हणून मला विचारायला लागल्या. मी म्हटलं, कुणाच्या नाही. तर कपाळावर हात मारला. मग कळलं, की इथे माणूस गेला की असंच करतात. पीठ पसरायचं, दिवा ठेवायचा, टोपली घालायची, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि पाठ फिरवायची. सकाळी ज्याचा ठसा उमटेल त्या जन्माला तो गेला. आन् नाव न घेता झाकलंत, तर जो जवळ आसंल त्यो येतो, म्हणाल्या. त्यात तुमी पोटुशी, लय वंगाळ केलंत बाई.

मी हात जोडून माफी मागितली, पण मनात हसूच येत होतं. आमचे आजोबा गेले तेव्हा विद्युतदाहिनीतून दुपारी घरी आलो आणि पिठलं-भात खाल्ला, एवढाच आमचा विधी. चिमणी शिरली असेल टोपलीखाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पाहुणे नाहीत. धोंडाबाई मावशींना कागद-पेन दिलं. आयुष्यात कधी पेन धरलं नाही, पण ठिपक्याभोवती गोल, गोलाभोवती गोल असे काढत गेल्या की मी बघतच राहिले. काढता काढता बोलायला लागल्या. एकुलता एक मुलगा होता. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात डाव्या पायाची करंगळी गेली. तीन वर्षांपूर्वी जुन्या हायवेवर मोटरसायकल घसरली आणि तोच गेला. त्याच्यासाठी पीठ झाकलं, सकाळी पीठ कोरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकलं, तरी कोरं. त्याला जन्मच मिळाला न्हाई बाई, कुटं भटकत आसंल लेकरू, म्हणाल्या. मला रडू आवरेना; माझी आधीची दोन गेल्याचंही मी सांगून टाकलं. काय कमी होतं हो या बाईच्या नशिबात, की हेही यावं!

मग त्यांनी विचारलं, बाळ हालतंय का. म्हटलं, कालच पहिल्यांदा हाललं. त्यांनी न विचारता माझ्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

या वेळच्या पाहुण्यांनी फोटो पाहिले होते, त्यांनाही पीठच हवं. मला वाटलं आता मावशी आकाशपाताळ एक करणार. तर त्यांनीच पीठ चाळून दिलं! सातवी परात त्यांनी स्वतः पसरली, टोपलीही स्वतः घातली. मला चुलीतलं भाजलेलं रताळं आणून दिलं आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. पटली एकदाची समजूत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सातव्या परातीत माणसाचं पाऊल आहे.

एकच. डावं. मोठ्या माणसाचं. टोपली जागची हललेली नाही. बोटं मी तीन वेळा मोजली. चार आहेत. करंगळीच्या जागी पीठ सपाट.

मावशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. परातीच्या काठाला कपाळ लावून रडत होत्या. आनंदाने. त्या मला म्हणाल्या, बघा बाई, आला. कुणीतरी थट्टा केली असेल असं मी दिवसभर स्वतःला सांगते आहे. इथे असली थट्टा करणारं आहे कोण?

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल सगळं पीठ ओढ्यात टाकायला लावलं. आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात धोंडाबाई, मांडीवर ताट, ताटात पीठ. माझ्या खोलीकडे तोंड करून पुटपुटत होती. मी ओरडले. तिने सरळ सांगितलं, रविवारपासून रोज नाव घेतीया. तुमच्या पोटाच्या वासानं आलाय, आता माघारी कसा धाडू? मी ताट भिरकावून दिलं. नको नको ते बोलले.

दुपारी रक्त दिसलं.

ड्रायव्हरने लोणावळ्याला नेलं. ठोके आहेत. बाळ आहे. डॉक्टर म्हणाल्या, खोलीवर जाऊन पडून राहायचं, त्यानंतर गाडीत बसायचं नाही, तळेगाव तर मुळीच नाही. म्हणजे इथेच. अतुल येईपर्यंत चार दिवस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मालकांना फोन केला, या बाईला घरी पाठवा म्हटलं. ते हसले. मॅडम, पीठच आहे ना, म्हणाले.

सकाळी पलंगाशेजारी पावडर सांडलेली होती. डबा कपाटात आहे, झाकण घट्ट आहे. मी सांडली नाही.

पावडरीत दोन पावलं. टाचा दाराकडे. बोटं माझ्याकडे. पाच आणि चार.

अतुलला सांगितलं. तो म्हणाला, झोप नीट होत नाहीये का तुझी—

२२ नोव्हेंबर, शनिवार

वर्ग रद्द. ती दाराबाहेर बसून बोलली. आवाज इतका मायेचा, की मला किळस आली आणि जवळ जावंसंही वाटलं. म्हणाली, हितवर त्यो माझ्या हाकंनं आला. पर आत यायला नव्या आईच्या तोंडची हाक लागती. एकदाच. आणि नाव सांगितलं. मी कान झाकले होते, तरी ऐकू आलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. कुठेच लिहिणार नाही. उच्चारणार तर त्याहून नाही.

मग म्हणाली, तुमची आधीची दोन का ऱ्हायली न्हाईत? त्यांना जगायची ओढच नव्हती. ह्यो धरून ऱ्हाईल. ह्याची ओढ लय हाये.

मी कप फेकून मारला दारावर. कप फुटला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून बाळ हललेलं नाही.

साडेदहा. साखरपाणी प्यायले, डाव्या कुशीवर झोपले. नाही.

बारा. अतुल निघालाय, पण एक्सप्रेसवेवर गाड्या खोळंबल्यात, रविवार ना. १०८ला फोन केला, तीही तिकडेच अडकलीय. आपली गाडी पाहुण्यांना सोडायला गेली ती आलीच नाही—

पोट गार लागतंय. की माझाच हात—

एक वाजला. धोंडाबाई बाहेर आहे. काही मागत नाही. नुसती बसलीय.

मला हे बाळ हवंय. देवा, कसंही असू दे, कुणाचंही— नाही. असं नव्हतं म्हणायचं मला—

दोनदा रिकाम्या हातांनी घरी आले आहे मी. सासूबाईंनी पाळणा माळ्यावर टाकताना पाहिलंय. तिसऱ्यांदा नाही. नाही होणार माझ्याच्याने—

घेतलं. नाव घेतलं. एकदाच, अगदी हळू—

हललं! आई गं, केवढ्याने! हललं, हलतंय—

बाहेरून धोंडाबाईने विचारलं, आलास का रं बाळा?

आणि माझ्या आतून—